टाकीला पाणी

दिवस मावळला की खाणीतनं टाक्या येतात
सिमेंटच्या पोत्यात,
ज्याची त्याची जुडी वेगळी.
ओळखायला चिंधी लागत नाही मला.
भरमाण्णाची डाव्या अंगाला झिजते,
खांदा निखळल्यापासनं तो तिरका बसतो.
सिद्राय रागानं मारतो, त्याच्या टोकाची साल निघते.
आणि तिम्मव्वाच्या नवऱ्याची, व्यंकप्पाची,
गोल, सारखी,
चोखून ठेवलेल्या बोराच्या आठोळीसारखी.

एका टोकाला दोन रुपये.
आमचे हे वास्कोला गेले जहाजांच्या कामाला,
भात्याची दोरी माझ्या हातात देऊन.
महिन्याला पैसे येतात,
गणपतीला माणूस येतो.

पहिल्यांदा टोकं मोडायची.
बाईच्या हातचं पाणी, म्हणून हसली माणसं.
मग कळलं, पाणी घाईनं द्यायचं नसतं.
लाल टोक जरासं बुडवायचं, काढायचं,
विटकरीवर घासायचं
आणि बघत राहायचं.
मागनं रंग चालत येतो,
आधी पिकल्या भाताचा,
मग करवंदाच्या रसाचा,
मग मोराच्या मानेचा.
करवंद टोकाला पोचलं की टाकायचं डोणीत.
मोर झाला, तर टाकी दगडाच्या पाया पडते.
लवकर टाकलं, तर काच होते,
पहिल्याच घावाला डोळ्यात उडते.
हे कुठल्या शाळेत नाही,
कानडी नाही, मराठी नाही.

मध्ये खानापूरहून जीप आली,
खाणीच्या तोंडाला कागद चिकटवून गेली.
तिम्मव्वाच्या पोरीनं वाचला, कानडीत तिचा पहिला नंबर.
‘खोदायचं नाही म्हणून लिहिलंय.’
कुणी खोदायचं नाही?
‘तेवढं नाही लिहिलेलं.’
वरच्या अंगाला जेसीबी चालूच.
त्यांचा कागद वेगळा, शिक्का वेगळा,
दगड तोच.
क्रशरला टाकी लागत नाही.
त्याची धूळ माझ्या डोणीवर साय धरते,
सकाळी हातानं बाजूला करते मी.

दिवाळीनंतर व्यंकप्पाच्या जुडीत आठच्या पाच झाल्या,
पाचाच्या तीन.
सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या,
लाल, करवंदाएवढ्या.
त्या संपल्या. खोकला नाही संपला.
पोरगी जुडी ठेवून जायची, काही बोलायची नाही.

मग एका सोमवारी तीन टाक्या आल्या,
मी दिल्या होत्या तशाच.
टोकाला माझाच रंग,
एकाही घावानं न चाखलेला.

आता तापवायचं काय त्यात?
पण त्यांचं खोपटं ओढ्याच्या पलीकडं,
तिथं घण ऐकू जातो.
म्हणून कोळसा पेटवला,
भाता ओढला,
आणि नुसत्या ऐरणीवर मारत बसले,
एका टाकीला जेवढे घाव लागतात तेवढे, मोजून,
मधी थांबून,
पुन्हा तेवढेच,
पुन्हा.
डोणीत तापली सळी बुडवली, चर्र झालं पाहिजे म्हणून.

पोरीनं सहा रुपये पुढं केले.
घेतले मी.
नसते घेतले तर तिला कळलं असतं.

काल तिम्मव्वा स्वतः आली.
नवऱ्याची सुतकी पदरात गुंडाळलेली.
‘दांडा बारीक करून दे गे. हातात मावत नाही.’
बाभळीचा होता, त्याच्या घामानं काळा.
मी तासत गेले,
ती ढलप्या गोळा करत गेली,
चुलीला होतील म्हणाली.
एवढंच बोलणं झालं.

आज तिची पहिली जुडी आलीय.
दोनच टाक्या.
टोकं जेमतेम खरवडलेली,
कुठल्या अंगाला झिजणार, अजून सांगता येत नाही.
एकीच्या बुडाला
जोंधळ्याचं पीठ लागलंय.